मोकळा बसला की पडते

शनिवार, ९ मे

आज सकाळी माझ्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा आली. ती एखाद्या पुढाऱ्यानं आणली असती तर निदान निषेधाच्या दोन सभा झाल्या असत्या, माझ्या गळ्यात एखादा हार पडला असता. पण ती आणली टेबलाखालच्या एका पंख्यानं. पंख्याचा निषेध कुठल्या चौकात करायचा, याची परंपरा आपल्याकडे नाही.

प्रकार असा. मी एक वाक्य टाइप केलं की कॉम्प्युटरच्या पोटातला पंखा हुंकार भरतो. मी थांबलो की थांबतो. पुन्हा चार शब्द, पुन्हा हुंकार. बरं, मी काही ज्ञान सांगत नव्हतो, लग्नातल्या जेवणाच्या रांगेवर लिहीत होतो. तेवढ्यालाही दाद देणारा श्रोता मला तीस वर्षांत मिळालेला नाही आणि आता मिळाला तो असा.

मुळात हे यंत्र माझं नाहीच. विहंगनं ते खेळ खेळायला घेतलं आणि नोकरी लागताच हैदराबादला गेला. इतरांच्या घरी वारसा बापाकडून मुलाकडे जातो, आमच्याकडे तो मुलाकडून बापाकडे आला. त्यावर मी आठवड्याला सदराचे आठशे शब्द लिहितो, म्हणजे ट्रक काढून कोथिंबिरीची जुडी आणतो.

विहंगला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, बेसाच्या त्या खोलीत कूलर लावूनही भट्टी असते. प्रोसेसर नव्वदच्या वर जाणारच. अंडरव्होल्ट करा."

"म्हणजे?"

"त्याला वीज जरा कमी द्यायची. तापत नाही, आणि उलट काम जास्त करतो."

कमी खायला घाला, जास्त काम करेल. ही योजना मी आजवर फक्त खाजगी शाळांच्या मास्तरांवर राबवलेली पाहिली होती.

"पण तुम्ही हात लावू नका," चिरंजीव म्हणाले. "प्रेमानंदकाकांना बोलवा."

रविवार, १० मे

प्रेमानंद आला. येताना तो चुकून पुढच्या कॉलनीत शिरला होता म्हणे. नागपूरच्या टोकाला आमच्या बेसात रोज एक नवी कॉलनी उगवते, त्याचा काय दोष.

हा माझा शाळेपासूनचा दोस्त. सारा जन्म वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेला, गेल्या वर्षी निवृत्त झाला, नंदनवनात राहतो. शहरानं एकदम कूलर लावले की आमच्या काट्याला कळते, असं तो मोठ्या ऐटीत सांगायचा. आज कॉम्प्युटरची बाजूची पत्री काढली, विहंगच्या सायकलच्या पंपानं धूळ उडवली, मग यंत्र सुरू होताना एक कळ दाबून त्याच्या आतल्या सेटिंगच्या पानावर गेला. गडी वीस वर्षांनी लहान दिसायला लागला.

"हे पाय मुकुंदा. कंपनी साऱ्या प्रोसेसरले एकाच मापानं व्होल्टेज वाढते. ज्याले कमीत भागते त्यालेही तेवढंच. मेसच्या जेवणावानी. आपण एकेका कोअरचं थोडं थोडं कमी करत जायाचं. रडला की थांबाचं."

"कोअर म्हणजे?"

"आत आठ भाऊ बसले आहेत असं समज."

"एकत्र कुटुंब?"

"हो. अन् रोजच्या कामाले उठतात दोघंच."

पहिल्या दोघा भावांचं व्होल्टेज त्यानं उणे दहा केलं, म्हणजे दहा पायऱ्या खाली आणलं. मग मुद्दाम अवघड गणितं घालणारा एक प्रोग्राम तासभर चालवला. एकही उत्तर चुकलं नाही, आणि तापमान चार अंश उतरलं. पंखा हुंकाराऐवजी नुसता उसासा टाकायला लागला.

निघताना प्रेमानंद दारातून म्हणाला, "यमुताईले सांग, चहा फस्क्लास होता."

यमुताई म्हणजे माझी आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. चहा माझ्या बायकोनं, गार्गीनं केला होता. आईचा चहा आमच्या टोळीत पातळपणासाठी प्रसिद्ध होता, त्यामुळे मी खुर्चीतून पडेपर्यंत हसलो. गार्गी हसली नाही. सासूची केलेली थट्टा बायकांना चालते, सासूशी केलेली तुलना चालत नाही.

बुधवार, १३ मे

तिसरा कोअर. उणे पंधरा. तासभर गणितं, चूक नाही. "हा सांड आहे गा," प्रेमानंद म्हणाला. "उपाशी ठेवला तरी नांगर ओढते."

गार्गीनं बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या तळल्या होत्या. त्यातल्या बहुतेक त्यानंच संपवल्या.

गुरुवार, १४ मे

पुन्हा तिसरा कोअर!

आज येऊन त्यानं तेच पान उघडलं आणि म्हणाला, "याले आपण हात नाही लावला अजून. पण कंपनीनंच उणे पंधरा देऊन ठेवलं दिसते. चाल, आता इथून खाली उतरू."

मी म्हटलं, "बाबा, काल तूच केलंस. माझ्या देखत."

तो पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्यावर खेकसला, "तुले काय समजते रे त्यातलं? बत्तीस वर्षं खुर्चीत बसलो मी का तू?"

प्रेमानंद खेकसला. शाळेत त्याच्या डब्यातली पोळी चोरली तरी न खेकसणारा माणूस. त्यानं आणखी दहा उतरवले.

माझा निष्कर्ष: काम लांबवतोय. कूलर आहे, खारोड्या आहेत, ऐकायला मी आहे. निवृत्त माणसाला याहून चांगली नोकरी कोण देणार? गार्गी म्हणाली, "त्यांना बरं नाही का?" मी म्हटलं, "बरंच आहे, म्हणून तर रोज येतो."

रविवार, १७ मे

नवीन संकट. यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतं. गंमत म्हणजे काम करताना नाही. मी आमरस खायला उठलो, ते नुसतं उघडं बसलं होतं, तेवढ्यात गेलं. दुपारी पुन्हा गेलं, तेव्हाही रिकामंच होतं. प्रेमानंदनं अवघड गणितं दोन तास घातली. बेटा पास. गणितं थांबवून आम्ही टरबूज कापायला घेतलं तर दुसऱ्या फोडीला पडदा काळा.

मी म्हटलं, "हे माझ्यासारखं आहे. परीक्षेत पास, घरात नापास."

तो हसला नाही. त्यानं बोटं पुसली आणि कंट्रोल रूमच्या आवाजात समजावलं. "आठी भाऊ एकदम जुंपले ना, तं सारे हळू चालतात. तेवढ्याले कमी व्होल्टेज पुरते. पण काम नसलं की एखादा एकटाच उठते, उगीच, अन् जोरात धावून पाहते. त्या वक्ताले त्याले जास्त पायजे, अन् आपण तं काढून घेतलेलं. म्हणून तुहं घोडं भाराखाली नाही पडत गा. मोकळा बसला की पडते."

इतकं नेमकं मी कुठल्या प्राध्यापकाकडून ऐकलेलं नाही. आम्ही दोघं टरबूज खात बसलो. थोड्या वेळानं त्यानं खिशातून स्कूटरची किल्ली काढली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "हे कशाची आहे?"

"घोड्याची," मी म्हटलं.

मी हसलो. मग तोही हसला. आधी मी, मग तो.

मंगळवार, १९ मे

वच्छला वहिनींचा, म्हणजे प्रेमानंदच्या बायकोचा, फोन. "भाऊजी, हे पोचले का तिकडं?" पोचला होता, कूलरसमोर बसला होता. "बराबर वेळेवर पोचतात ना रोज?" मी म्हटलं, वहिनी, हजेरीपट लावतो. त्या म्हणाल्या, "येऊ द्या त्याहीले रोज. तुमच्याकडून आले की दोन-चार घंटे बरे राहतात."

"मग पाळणाघराची फी सुरू करू का?"

वहिनी हसल्या. जरा उशिरा.

फोन ठेवला आणि चमकलं, या रविवारचं सदर तर समोरच बसलंय! निवृत्त तंत्रज्ञ मित्राचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो: तीच दुरुस्ती रोज नव्यानं करतो, मित्राच्या स्वर्गवासी आईच्या चहाची तारीफ करतो, आपल्याच किल्लीची ओळख विचारतो. एका बैठकीत आठशे शब्द झाले. यंत्र एकदाही पडलं नाही. पडणार कसं, मी काम करत होतो.

गार्गीला वाचायला दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यातलं रचलेलं किती?"

"एक अक्षर नाही. नुसतं नाव बदललंय."

"मग तुला हसू कसं येतं?"

मी म्हटलं, धंदाच तो आहे. ती कपडे वाळत घालायला गेली.

रविवार, २४ मे

छापून आलं. दुपारपर्यंत बावीस फोन. सीताबर्डीतला माझा चष्मेवाला म्हणाला, "सर, आमच्या सासऱ्यावरच लिहिलं तुम्ही!" आणखी तिघांना आपापले सासरे सापडले. इतकं यश मला राजकारणावर लिहून कधी मिळालं नाही.

प्रेमानंद आज आला नाही. वाचून चिडला असेल. चिडू दे, दोन दिवसांनी खारोड्या बोलावतील. यंत्र आज पाच वेळा पडलं.

मंगळवार, २६ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागलाय. नऊ वाजताच रस्त्यावर कुत्रं नसतं.

साडेअकराला वहिनींचा फोन, "हे सात वाजताच निघाले. इस्त्रीचा शर्ट घालून. पोचले का?" पोचला नव्हता. त्याच्या मोबाइलवर फोन लावला तर तो वहिनींच्याच हातात वाजला. घरीच राहिला होता.

"वहिनी, माझ्यावर चिडून कुठे दुसरीकडे..."

"ते चिडले नाहीत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याहीले रस्ता समजत नाही आताशा."

मी गाडीची किल्ली घेतली आणि गार्गीला हाक मारली.

पुढे तासभर मी आणि गार्गी गाडीतून नंदनवन ते बेसा रस्ता दोनदा फिरलो. ज्या ज्या झाडाखाली कुणी बसलं होतं तिथे थांबलो. मग अनोळखी नंबर.

"तुमी मुकुंद लेखक का? मी जिजाबाई बोलून राहिली, वीजकेंद्राच्या गेटपासून. माही चहाची टपरी आहे. तुमचा मानूस आहे इथं. या लवकर."

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. प्रेमानंद टपरीच्या बाकावर बसला होता. चेहरा तांबडा-काळा, डोक्यावर ओला हिरवा दुपट्टा, त्याचं पाणी इस्त्रीच्या शर्टावर निथळत होतं. स्कूटर बाजूला आडवी पडलेली. मला पाहून तो उठला.

"बरं झालं आला. सेकंड शिफ्ट आहे माही, अन् हा नवा पोरगा गेटातून आत सोडून नाही राहिला. सांग त्याले, मी कोण आहे ते."

मी त्याला धरून पुन्हा बाकावर बसवलं. तो कोण आहे, ते मला त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं.

जिजाबाई म्हणाली, "सकाळपासून उभे होते बापा उन्हात. गेटवाल्याशी वाद घालत. शेवटी पडलेच. मी अन् दोन ड्रायव्हरनं उचलून आनलं, माहा दुपट्टा भिजवून डोक्शावर टाकला. घरचा नंबर विचारला तं येऊन नाही राहिला. मंग त्याहीनं खिशातून हे काढलं."

रविवारचं सदर. चौकोनी कापलेलं, चार घड्या घातलेलं. खाली वाचकांसाठी माझा नंबर छापतात.

"माह्या दोस्तानं माह्यावर लिहिलं म्हने. साऱ्या ड्रायव्हरलोकायले वाचून दाखवलं, पानी पेल्यावर."

"ते हसले का?" मी विचारलं.

"कोन?"

"ड्रायव्हर."

"हसले ना. मजेदारच लिहिलं हाय तुमी. हे बी हसले."

परत येताना तो मागे गार्गीशेजारी बसला. वर्धा रोडला लागलो. मग एकदम, अगदी शांत आवाजात म्हणाला, "मुकुंदा, भार वाढला तं माणूस सांभाळते. आम्हाले भेव कशाचं राहे सांगू? भार एकदम गेला त्याचं. टर्बाइन मोकळं होते अन् पळत सुटते. थांबवता थांबत नाही."

"मग तुम्ही काय करायचात?" गार्गीनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?" तो म्हणाला. फार अदबीनं.

शुक्रवार, २९ मे

मेंदूच्या डॉक्टरकडे. मी, वहिनी आणि तो. वहिनींना दिवाळीपासून माहीत होतं. कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडे शुगर सांगतात, बीपी कौतुकानं सांगतात. हे सांगत नाहीत. त्यांच्या मुलीची सोयरीक चालू आहे.

डॉक्टरांनी विचारलं, काय काय विसरतात, कसं विसरतात, कधीपासून? वहिनी सांगू लागल्या आणि अडखळल्या. मग पर्समधून ते कात्रण काढून टेबलावर ठेवलं. "यात सारं आहे."

डॉक्टर वाचायला लागले. मी खिडकीबाहेर पाहिलं. मला माझी वाक्यं पाठ आहेत, त्यांचा चेहरा न बघताही ते कुठवर आलेत ते मला कळत होतं. ते एकदाही हसले नाहीत. दोन ठिकाणी पेननं खूण केली. शेवटी म्हणाले, "चिडचिड, तेच काम पुन्हा करणं, रोजच्या वस्तू न ओळखणं. फार बारकाईनं टिपलंय. कोणी लिहिलं हे?"

"यांनी," वहिनी म्हणाल्या. "हे वाचलं तेव्हा म्हटलं, चला, भाऊजीले समजलं. आता मी एकटी नाही. म्हणून तं सोमवारी जराशी निर्धास्त झोपली."

इतक्या वर्षांत माझ्या लेखनाचा कुणी एवढा गंभीर अर्थ घेतला नव्हता. समजलं नव्हतं, हे सांगणं जास्त वाईट की समजूनही हसलो असं वाटू देणं, याचा हिशेब अजून लागलेला नाही.

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल. मागे फिरणार नाही. गाडीची किल्ली काढून घ्या. सवयीचं काम असेल तर ते करू द्या.

गुरुवार, ४ जून

सेटिंगचं पान आज मी स्वतः उघडून पाहिलं. आठी भाऊ उणे तीस. याहून खाली पायरीच नाही. रोज येऊन तो समोरचा आकडा कंपनीचा समजत होता आणि तिथून नव्यानं उतरत होता.

विहंग म्हणाला, "बाबा, एक कळ दाबा, सगळं मूळपदावर येईल. मिनिटाचं काम आहे."

मी कळ दाबली नाही.

दुपारी नंदनवनात जाऊन प्रेमानंदला गाडीत घालून आणलं. म्हटलं, "घोडं पुन्हा पडतंय, तूच पाहा." त्यानं खुर्ची ओढली, चष्मा पुसला. "कोन केलं हे? आठीच्या आठी उणे तीस! कोन्या गाढवाचं काम आहे?"

"माझं," मी म्हटलं.

"तरी सांगत होतो, तुले काय समजते त्यातलं!" भयंकर खूश झाला. पहिल्या भावाला पाच पायऱ्या वर आणलं, तासभर गणितं घातली, पुढं काय होऊ शकतं ते मला सांगितलं. तीन तास तो एकदाही अडला नाही. तो गेल्यावर मी ते पाच पुन्हा उतरवून ठेवले.

उद्याही आणणार आहे. परवाही. संपादकांना कळवलं, सदर काही आठवडे थांबवा. कारण विचारलं तर म्हटलं, यंत्र बिघडलंय.

गुरुवार, ११ जून

आज पत्री काढून दिली, पान उघडून दिलं. प्रेमानंद हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मी म्हटलं, "पहिल्या भावापासून घेऊ."

"कोणता भाऊ?"

"कोअर. व्होल्टेज वर करायचंय."

त्यानं पडद्यावरचे आकडे लहान मुलासारखे बोटानं एकेक मोजले. मग माझ्याकडे वळून, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, "छान आहे. तू केलं का हे?"

गार्गीनं चहा आणला. त्यानं दोन्ही हातांनी कप धरला आणि सगळा प्यायला. नंतर मी त्याला घरी सोडलं. जिना चढताना त्यानं माझं बोट धरलं होतं.

संध्याकाळी ती कळ दाबली. आता यंत्र पडत नाही.

रविवार, १४ जून

तो हिरवा दुपट्टा परवा गाडीच्या मागच्या सीटखाली सापडला. धुतला, वाळवला, गार्गीनं इस्त्री केली. आज एकटाच घेऊन गेलो.

जिजाबाई गिलास विसळत होती. मी घडी पुढे केली तर आधी ओळखलंच नाही तिनं, ना मला, ना दुपट्ट्याला. मग म्हणाली, "अवं माय, येवढ्यासाठी इतक्या दूर आले का? फडकंच तं होतं."

"तुमचं होतं."

"मानसाले आनलं नाही?"

"झोपलाय."

"झोपू द्या बापा." तिनं ओला हात लुगड्याला पुसून दुपट्टा घेतला, इस्त्रीची घडी मोडली आणि डोक्याला गुंडाळला. भट्टीवर दूध वर आलं होतं, ती तिकडे वळली.